हलका बार

परवा टेक्सासहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. "मामा, गुडघा कसा आहे?" झालं, इकडच्या उन्हाची चौकशी झाली आणि मग त्याने फोन फिरवून टेबलावरची एक वस्तू दाखवली. लाकडी दस्त्याची बंदूक! म्हणाला, "घाबरू नका, रीतसर घेतलीये. सशांसाठी."

मंडळी, जुन्या इंग्रजी काऊबॉय पिक्चरमध्ये घोड्यावरच्या माणसाच्या हातात असते ना, तीच ही. चापाच्या भोवती एक कडी असते. ती खाली ओढून वर घेतली की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवं आत बसतं. हिला लीव्हर ॲक्शन म्हणतात. विंचेस्टर कंपनीचं १८९४ चं मॉडेल, जॉन ब्राउनिंग नावाच्या कारागिराने आखलेलं. अमेरिकेत हरणाच्या शिकारीला ही पिढ्यान्‌पिढ्या वापरतात.

मी विचारलं, "अरे, हरणाची बंदूक सशाला? ससा उरेल का?"

तो हसला आणि त्याने समजावून सांगितलं. या बंदुकीच्या काडतुसाला थर्टी-थर्टी म्हणतात. पहिला तीस म्हणजे नळीचं माप, इंचाचे तीस शतांश. दुसरा तीस म्हणजे सुरुवातीला त्यात भरत तितकी दारू, तीस ग्रेन. ग्रेन म्हणजे दाणा. आपला तोळा इंग्रजांनी १८० ग्रेनचा ठरवला होता आणि तोळ्याच्या गुंजा ९६. तेव्हा तीस ग्रेन म्हणजे बरोबर सोळा गुंजा, दोन मासे! एवढ्याशा दारूवर जवळजवळ तोळाभर वजनाची गोळी सेकंदाला २२०० फूट वेगाने जाते. ती सशाला लागली तर खायला काही राहणार नाही. म्हणून भाचा बाजारचं काडतूस घेत नाही. तो रिकामी काडतुसं घरी पुन्हा भरतो. दारू तिसऱ्या हिश्श्याहून कमी, शिशाची ओतीव गोळी हलकी, वेग निम्मा. वेग निम्मा झाला की मार पाव होतो (हे मला आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी कधीकाळी शिकवलं होतं). आवाजही कमी.

तो सांगत होता आणि माझ्या नाकात साठ वर्षांपूर्वीच्या दारूचा वास भरला. कारण हे सगळं मी आधी पाहिलं होतं. कन्नड तालुक्यात, गौताळ्याच्या डोंगराखाली, माझ्या मामांच्या ओसरीवर.

मामांकडे ठासणीची बंदूक होती. परवाना पिकाच्या राखणीचा. १९५९ च्या शस्त्र कायद्यातच तशी सोय आहे, खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीला परवाना देण्याची. रानडुकरं यायची म्हणून ती बंदूक. ससा त्या परवान्यात बसत होता की नाही, हे तेव्हा आमच्याकडे कुणी विचारत नव्हतं.

ही बंदूक भरणं म्हणजे सोहळा असायचा. आधी रिकाम्या नळीत गज टाकून बघायचा. गजावर सुरीने एक खूण केलेली होती. खूण नळीच्या तोंडाशी आली तर नळी रिकामी, वर राहिली तर आत आधीचा बार आहे. मग दारू, मग काथ्याचा बोळा, गजाने ठासायचा, मग छर्रे, वर पुन्हा बोळा. शेवटी घोड्याखाली टोपी. दारू मोजायला मामांनी वेळूच्या पेराची दोन मापं केली होती. मोठं डुकराचं, छोटं सशा-तितराचं. छोटं इतकं छोटं की माझ्या करंगळीचं टोक कसंबसं आत जाई.

मामा म्हणायचे, "भूक केवढी, तेवढा बार."

मला हे काही पटायचं नाही. चौदा वर्षांचं पोर मी! बार म्हणजे कसा, डोंगर हलला पाहिजे. छोट्या मापाचा बार उडाला की फट्‌ असा आवाज यायचा आणि पोरं हसायची, फुसका बार म्हणून. छोट्या मापाला जवळ जावं लागायचं, वाऱ्याची दिशा बघावी लागायची. बऱ्याचदा ससा निसटायचाच. मामांना त्याचं काही वाटत नसे. म्हणायचे, "आज त्याचा दिवस."

१९६४ सालचा हिवाळा. हरभरा घाट्यावर आला होता. संध्याकाळी मामा फेटा बांधत होते आणि मला म्हणाले, "छोट्या मापाने भर." मी मोठं माप घेतलं. तेही शिगोशीग. वर छर्रेही डुकराचे टाकले. ठासताना हात थरथरत होता, पण भीतीने नव्हे, मजेने.

बांधाच्या कडेला ससा बसला होता. मानेवर काळा डाग असलेला आपला रानससा, दोन-अडीच किलोचा असेल. मामांनी नेम धरला, चाप ओढला. आवाज असा झाला की पलीकडच्या वस्तीवरची कुत्री भुंकायला लागली. मामा एक पाऊल मागे गेले, फेटा पडला, गालाला दस्त्याचा तडाखा बसून रक्त आलं. धूर विरल्यावर आम्ही पुढे गेलो. सशाचं काय झालं होतं ते मी लिहीत नाही. कान ओळखू येत होते.

मामांनी मला मारलं नाही. शिवीही दिली नाही. त्यांनी नळी हाताने चाचपून पाहिली, कुठे फुगली आहे का. त्या क्षणी मला समजलं की नळी फुटली असती तर मामा गेले असते. मग ते म्हणाले, "खड्डा कर." मी काठीने आणि हातांनी बांधाखाली खड्डा केला. जे होतं ते पुरलं. घरी येईपर्यंत एक शब्द नाही.

एरवी ससा मिळाला तर तो घरात येत नसे. आजोळी आजी माळकरी, माझी आईही. अंगणापलीकडे तीन दगडांची चूल मांडून पुरुष मंडळीच रांधायची, येसर घालून लालभडक रस्सा. आई तिकडे फिरकायची नाही. त्या रात्री चूल पेटली नाही. मामांचा गाल पाहून आईने विचारलं, तर मामा म्हणाले, "दस्ता लागला. माझंच चुकलं." एवढंच. ते वाक्य आजही मला झोपू देत नाही कधीकधी. त्यानंतर मी बंदुकीला हात लावला नाही. त्यांनीही कधी दिली नाही.

असो. भाच्याला मी ही गोष्ट पहिल्यांदाच सांगितली. तो गंभीर झाला. म्हणाला, "मामा, आमच्यातही हाच धोका. मोठ्या काडतुसात थोडीशी दारू तळाशी बसते. चुकून दोनदा पडली तरी वरून चटकन कळत नाही. म्हणून प्रत्येक काडतुसात बॅटरी मारून बघतो. आणि दारू फारच कमी पडली तर गोळी नळीतच अडकते. तिच्यामागे दुसरी सोडली की नळी फुटते." गोळीचं नाकसुद्धा चपटं लागतं म्हणे. नळीखालच्या पोकळीत काडतुसं एकामागे एक बसतात, टोकदार गोळी पुढच्याच्या टोपीवर टेकली तर तिथेच बार व्हायचा. म्हणजे हलका बार भरायला भारी बारापेक्षा जास्त लक्ष लागतं. मामा हसले असते.

मग त्याने खरा प्रश्न विचारला. "मामा, आपल्याकडे हे पुन्हा सुरू करावं असं नाही वाटत? इथे शिकारी परवान्याचे पैसे भरतो. बंदुकीवर, काडतुसांवर ११ टक्के कर असतो, १९३७ पासून, आणि तो वन्यप्राण्यांसाठीच खर्च होतो. जो वापरतो तोच जपतो."

प्रश्न खोटा नाही. तिथे त्याला आधी शिकारीचं शिक्षण घेऊन दाखला मिळवावा लागला. त्याच्या हातातलं काम मला मामांच्या हातातलं वाटलं. पण तरीही मी त्याला नाही म्हणालो. का, ते नीट लिहावं म्हणून हा लेख.

एक म्हणजे, आपण हे करून पाहिलेलं आहे. पुष्कळांना वाटतं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार एका दिवसात बंद झाली. तसं नव्हतं. त्या कायद्यात छोट्या शिकारीचा परवाना होता, मोठ्या शिकारीचाही होता. ती सोय १९९१ च्या दुरुस्तीने काढली. म्हणजे जवळजवळ वीस वर्षं नियम होता. पण आमच्या भागात परवाना काढून तितर मारणारा एकही माणूस मी पाहिला नाही. पाहिल्या त्या जीपा. वर सर्चलाइट, मागे चार जण. उजेडात ससा जागच्या जागी थिजतो. ना वारा बघायचा, ना जवळ जायचं, ना निसटायचा "त्याचा दिवस". कागदावर परवाना होता, माळावर मोजणारा कुणी नव्हता. आज असेल, असं मानायला मला तरी आधार दिसत नाही.

दुसरं म्हणजे, माळच राहिला नाही. ससा, तितर, लावा ही माळाची लेकरं. आमच्या लहानपणी औरंगाबादहून कन्नडला एसटीने जाताना दोन्ही बाजूंना नुसतं गवत दिसायचं. आता गावाचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं आणि त्या गवताच्या जागी प्लॉट, कारखाने आणि नांगरलेली रानं आली. सोलापूरकडे नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य केलं, आज तिथे माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. भूक केवढी, तेवढा बार, हे खरंच. पण त्या मापात समोर उरलंय किती, हेही धरावं लागतं. व्यंकटेश माडगूळकर चांगले शिकारी होते, पण पुढे नागझिऱ्याच्या जंगलात ते नुसते बघायला गेले. त्यांना नेम जमेना म्हणून नव्हे.

पण, आणि हा पण मोठा आहे, जे लोक "बंदूक गेली, बरं झालं" म्हणून मोकळे होतात त्यांच्याशीही माझं जमत नाही. बंदूक गेली, डुक्कर गेलं नाही. मक्याचं उभं रान एका रात्रीत आडवं होतं. शेतकरी मग काय करतो? काही जण कुंपणात वीज सोडतात. काही जण खाण्यात गावठी बॉम्ब ठेवतात. त्या तारेला डुक्कर आणि माणूस कळत नाही. राज्यात अशा तारांनी वाघ मेले आहेत, शेतकरीही मेले आहेत, कधी शेजारचा तर कधी तार लावणारा स्वतः. बॉम्बने जबडा फुटलेलं जनावर मरायला दिवस लावतं, आणि कुत्री-गुरंही तोच घास खातात. मला विचाराल तर ही सगळ्यात भारी बाराची शिकार आहे. नेम धरणारा डोळाच नाही तिथे.

पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराला मारायची परवानगी देण्याची तरतूद कायद्याच्या ११ व्या कलमात आहे. ती लवकर मिळावी, शिकवून तयार केलेल्या, नाव-पत्ता नोंदलेल्या माणसालाच मिळावी, प्रत्येक बाराचा हिशेब घेतला जावा, आणि नुकसानभरपाई पुढच्या पेरणीआधी हातात पडावी. एवढं झालं तर तार सोडायला कोण जाईल? आणि ससा-तितराला हात लावू नये. त्यांच्यामुळे कुणाचं रान आडवं होत नाही. आम्ही ते खात होतो ते भुकेपेक्षा चवीसाठीच जास्त, हे आता कबूल करायला हरकत नाही.

भाच्याला हे सगळं पटलं असं नाही. तो म्हणाला, "मामा, तुम्ही तुमच्या सशाची फी आम्हा सगळ्यांकडून घेताय." उत्तर चांगलं होतं. मास्तर असतो तर मार्क दिले असते. मी एवढंच म्हणालो की तिकडे तू मोजून भरतोस, बॅटरी मारून बघतोस, याचा मला आनंद आहे. पण ज्या दिवशी घाई असेल त्या दिवशी भरू नकोस.

मामा १९८१ मध्ये गेले. बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली, परत आणायला कुणी गेलं नाही. वेळूचं छोटं माप मात्र मामींनी मला दिलं होतं. बरीच वर्षं ते कपाटात पडून होतं. हल्ली मी त्याने तुळशीला खत घालतो, एका वेळी एक माप. आई असती तर तिला हे आवडलं असतं.

तुमच्या घरात, आजोळी अशी एखादी बंदूक होती का? तिच्याबद्दल कुणी काही बोलायचं का? जमलं तर लिहा. आमची पिढी गेली की हे सांगणारं कुणी राहणार नाही.