गावपंचांना आधी शिकवा, काय मिटवायचे नाही




आदिवासी पाड्यावरच्या एखाद्या बाईवरील अत्याचाराची बातमी छापून आली की चार दिवसांत मागणी होते : गावपुढाऱ्यांना प्रशिक्षण द्या. मागणी रास्त आहे. पण सातपुड्यातल्या शाळांत उभी नोकरी काढलेल्या बाईने विचारावे असा प्रश्न उरतोच, की शिकवणार काय आणि कोणाला? शिबिरात कायद्यांची नावे वाचून दाखवतात, जेवणे होतात, हजेरीपटावर अंगठे उमटतात. पोलीस पाटील गावी परततो आणि पुढचे प्रकरण जुन्याच रीतीने निस्तरतो. दोन्हीकडच्यांना बसवायचे, दंड ठरवायचा, बाटली फोडायची, उठायचे.

माझे म्हणणे असे, की कोणत्या प्रकरणाला पंचांनी हातच लावायचा नाही, हा पहिला धडा असावा. बाकीचे नंतर.

पंच मोडीत काढा असे मी म्हणत नाही. १९९६च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला आपल्या रूढी आणि तंटे सोडवण्याची परंपरागत पद्धत जपण्याचा अधिकार दिला आहे, आणि तो योग्य आहे. पळून जाऊन केलेले लग्न, देजाचा (वधूमूल्याचा) हिशेब, काडीमोड, दुसरा घरोबा या गोष्टी भिल्ल-पावरा पंच एका बैठकीत ज्या समजुतीने सोडवतात, तेवढी समजूत आपल्या पांढरपेशा घरांत अजून आलेली नाही. पण बलात्कार हा तंटा नव्हे. त्याचा दंड मुलीच्या बापाच्या किंवा नवऱ्याच्या हाती पडतो, त्यातला काही भाग त्याच रात्री पिण्यात जातो, आणि मुलीला दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीवर त्याच माणसासमोर पाणी भरावे लागते. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर २०१२च्या पोक्सो कायद्यानुसार माहिती असूनही पोलिसांना न कळवणे हाच गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. गुन्ह्याची खबर ठाण्यात देणे हे तर पोलीस पाटलाचे कामच आहे, १९६७च्या ग्राम पोलीस कायद्यापासून. प्रकरण मिटवताना आपणच आरोपी होतो आहोत, हे त्याला कोणी त्याच्या बोलीत समजावून सांगितले आहे काय?

त्यानंतर शिकवायचे ते अत्याचारानंतरचे पहिले तीन दिवस. बाईला आंघोळ करू देऊ नका. अंगावरचे कपडे धुऊ नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, कागदात गुंडाळून ठेवा. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी आणि एचआयव्हीला अटकाव करणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितके बरे. उपचार फुकट करणे सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांना बंधनकारक आहे. हद्दीचे कारण सांगून कोणत्याही ठाण्याला तक्रार नाकारता येत नाही. एवढ्या चार-पाच गोष्टी घोटून घ्यायला एक दुपार पुरते. भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद. धडगावच्या डोंगरातल्या पाड्यांवरून आधी पायवाट उतरावी लागते. तिथे ७२ तास म्हणजे फार थोडा वेळ. तो बैठकीत गेला तर पुढे डॉक्टर आणि वकील कितीही चांगले मिळोत, हाती फार काही लागत नाही.

लोक ठाण्यात जायला कचरतात ते अडाणीपणामुळे, असे समजणाऱ्यांनी १९७२ सालचे देसाईगंज आठवावे. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या त्या गावच्या पोलीस ठाण्यातच एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला झाला. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्ये दोघांना सोडले. त्यावर उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३मध्ये कायदा बदलला. (पत्रे लिहून काय होते, असे मला घरी विचारतात.) तेव्हा प्रशिक्षणाच्या सतरंजीवर ठाणेदारही बसला पाहिजे. पावरी किंवा माडिया बोलणाऱ्या बाईचा जबाब मराठीत उतरताना त्यात काय गळते, हे त्याने पंचांसमोर ऐकावे.

आता 'कोणाला' हा भाग. नंदुरबारच्या डोंगरात बाईला डाकीण ठरवण्याची प्रथा अजून संपलेली नाही. मूल तापाने गेले, बैल मेला की बडव्याकडे (भगताकडे) जातात आणि तो नाव सुचवतो. ते नाव बहुधा एकट्या बाईचे, विधवेचे असते. तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असेल तर संशय लवकर पक्का होतो. २०१५च्या दुरुस्तीने ॲट्रॉसिटी कायद्यात डाकीण ठरवून छळण्याचा गुन्हा आला, पण तो कायदा आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल तरच लागतो. इथे आरोप करणारे भाऊबंदच असतात. म्हणजे कामाला येतो तो २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा, डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर झालेला; त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि तरीही शिबिराला सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील बोलावले जातात. बडवा आणि पुजारा यांना कोणी बोलावत नाही! ज्याच्या तोंडून नाव निघते त्यालाच वगळून आपण कोणाला शहाणे करतो आहोत?

बायकांचेही तेच. स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा त्यांच्या आहेत, पण पंच बसतात तेव्हा सरपंचबाई चुलीपाशी असते. बैठकीत निम्म्या बायका असल्याशिवाय बाईच्या प्रकरणात शब्द काढायचा नाही, असा ठराव ग्रामसभा करू शकते. आशा किंवा अंगणवाडीताईवर सगळा भार टाकणे मात्र बरे नव्हे. ती त्याच पाड्यावर, आरोपीच्या चुलतभावाच्या शेजारी राहते. तिच्या पाठीशी ठाण्यातले एक नाव आणि एक फोन नंबर तरी हवा.

पण हे सगळे एका दिवसाच्या शिबिराने होणार नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले. ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले, 'लॅन्सेट'ने १९९९मध्ये ते छापले. तिथे बायकांना पुनःपुन्हा शिकवले जाई आणि कोणीतरी नियमित गावात येऊन त्यांचे काम तपासत असे. आपल्याकडची शिबिरे निधी संपवायला मार्चअखेरीस होतात. तेव्हा अर्धा पाडा गुजरातेत ऊसतोडीला असतो, आणि होळीला परतलेले लोक भोंगऱ्या बाजारात. पेरण्या झाल्यापासून दिवाळीपर्यंत माणसे घरी असतात. शिबिर तेव्हा घ्या, तालुक्याच्या सभागृहात नको, पाड्यावरच घ्या.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, शहादा