‘दऱ्या’ आणि ‘दर्या’

संगणकावरील मराठीविषयी तक्रार केली, की जाणकारांकडून ठरावीक उत्तर मिळते : मजकूर उचलून वर्ड प्रोसेसरमध्ये चिकटवताना काही ‘विशेष चिन्हे’ गळतात, त्याला इलाज नाही. आमचा पहिला आक्षेप या ‘विशेष’ शब्दालाच आहे. ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द ज्या जिल्ह्यात रोजच्या वर्तमानपत्रात, निवेदनात, मोर्च्याच्या फलकावर येतो, तिथे त्यातला अर्धा र विशेष कसा? तो आमच्या लेखनाचा नित्याचा भाग आहे. विशेष ठरला आहे तो ज्यांनी यंत्र घडवले त्यांच्या सोयीसाठी.

‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या, ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना, ‘आचार्यांना’ म्हणजे विद्वानांना. पहिल्या रूपात र च्या आधीच्या अक्षरावर आघात नाही, दुसऱ्यात आहे. आणि हा भेद मराठी लिपी डोळ्यांना दाखवते. मराठीच्या वर्गात हे पहिल्या वर्षी शिकवले जाते. पण त्याच वर्गातल्या विद्यार्थ्याचा प्रबंध टंकलिखित होऊन येतो तेव्हा त्यात ‘शेतकर्यांच्या आत्महत्या’ असे प्रकरणाचे शीर्षक असते, आणि मार्गदर्शक, बहिःस्थ परीक्षक, ग्रंथपाल सारे त्यावरून नजर फिरवून पुढे जातात. शेतकऱ्याच्या वाट्याला निदान त्याचे नाव तरी धड यावे, एवढी अपेक्षा फार नव्हे.

हे गळते कसे, हे भाषेच्या अध्यापकांना ठाऊक असले पाहिजे. युनिकोडमध्ये हा र दोन प्रकारे लिहिता येतो. एक, ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त देऊन. दोन, साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडक घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मात्र ‘अनावश्यक’ अदृश्य खुणा झाडून टाकणारी एखादी प्रणाली मध्ये आली, की दुसऱ्या प्रकारातला जोडक उडतो आणि उरतो तो रफार. पहिला प्रकार अधिक टिकाऊ आहे, पण तोही निर्धोक नाही. युनिकोडच्या लेखी ऱ हे अक्षर र आणि नुक्ता यांच्या जोडीशी समतुल्य आहे. नुक्ता काढून टाकणारे साधन त्याचाही र करून ठेवते. शिवाय दोन प्रकारांनी लिहिलेला एकच शब्द साध्या शोधात एकमेकांना सापडत नाही. उद्या कोणी ‘ऊसतोडणी करणाऱ्या’ स्त्रियांवरचे लेखन संगणकीय संग्रहात धुंडाळील, तर त्यातले काही त्याच्या हाती लागणारच नाही, आणि लागले नाही हे त्याला कळणारही नाही.

याहून जुना रोग म्हणजे युनिकोडपूर्व फाँटांचा. त्यांत मराठी अक्षर हे मुळात रोमन अक्षराच्या जागी बसवलेले चित्र असते. फाँट गेला की मजकूर नव्हे, निरर्थक रोमन अक्षरांची रांग उरते. तरीही कित्येक नियतकालिके आणि छापखाने आजही लेखकाला ‘अमुकच फाँटमध्ये पाठवा’ असे सांगतात. मग रूपांतरकाच्या चाळणीतून ऱ्य, ऱ्ह, ॲ गळतात. आमच्या एका चर्चासत्राचा निबंधसंग्रह असाच छापून आला. त्यात ‘वऱ्हाडी’चे ‘वर्हाडी’ झाले होते आणि बोलीतल्या दंत्य च, ज खाली निबंधकाराने कष्टाने दिलेले नुक्ते सरसकट नाहीसे झाले होते. उच्चारभेदावरचा निबंध आणि त्यात उच्चारभेदच नाही! छपाई करणाऱ्याचे म्हणणे असे, की संदर्भावरून वाचकाला कळतेच.

संदर्भावरून कळते, हा युक्तिवाद आमच्या व्यवसायबंधूंनाही फार प्रिय आहे. त्यांना एवढेच विचारावे, की संदर्भावरून कळते म्हणून पाठचिकित्सा करणाऱ्याने हस्तलिखितातले पाठभेद नोंदवायचे सोडून द्यावे काय? आमच्याच जिल्ह्यात अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर त्यांनी ‘पंचीकरण’ लिहिले. सोळाव्या-सतराव्या शतकातला तो मजकूर कापडावर टिकला, आणि आपला मजकूर एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जाताना टिकत नाही. मुकुंदराजांच्या गावाजवळ बसून हे लिहावे लागते, याची गंमत वाटत नाही.

साधने अपुरी होती हे मान्य. ॲ ला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. मोडी लिपीला २०१४ साली. पण त्यानंतरची वर्षे आपण कशात घालवली? ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीची वर्णमाला प्रमाणित केली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मंजुरी दिली आणि पेढे वाटले गेले. दरम्यान किती मराठी विभागांनी आपल्या विद्यार्थ्याला हा अर्धा र कळफलकावर कसा उमटतो, हे शिकवले? टंकलेखन हे कारकुनाचे काम, आपण अर्थाचे धनी, ही समजूत आपल्यात खोल रुजली आहे. खिळे जुळवण्याच्या काळात ती काहीशी क्षम्य होती, कारण जुळारी तरी ऱ्य आणि र्य यांत गल्लत झाली की प्रुफात खूण होईल या धाकात असे. आता जुळारी गेला, मुद्रितशोधकही जवळजवळ गेला. लेखक स्वतःच टंकतो, आणि तोच आपल्या अक्षरांविषयी सर्वांत उदासीन आहे.

म्हणून आमची मागणी यंत्रवाल्यांकडे नंतर, विद्यापीठांकडे आधी आहे. प्रबंध युनिकोडमध्येच स्वीकारावा. ऱ्य लिहिण्याचा एकच प्रकार, म्हणजे ऱ आणि हलन्त, नियमावलीत स्पष्ट नमूद करावा. आणि बहिःस्थ परीक्षकाच्या अहवालात ‘शेतकर्यांच्या’ हा मुद्रणदोष न मानता भाषेचा दोष म्हणून नोंदवावा, मग शीर्षकपृष्ठासह प्रबंध दुरुस्तीसाठी परत गेला तरी चालेल.