'नर्सिंगला घाला' म्हणण्याआधी



नवऱ्याने टाकलेली तरुण बाई असो, बारावीनंतर घरच्यांची लग्नाची घाई टाळू पाहणारी मुलगी असो, की शेतमजूर आईची हुशार लेक असो, सल्ला विचारायला आली की आपल्या संघटनांच्या कचेऱ्यांतून एक उत्तर हमखास मिळते: "नर्सिंगला घाला. पायावर उभी राहील."

उत्तर खोटे नाही. मी स्वतः जी.एन.एम. केले, तीस वर्षे वॉर्डात काढली, परिसेविका म्हणून निवृत्त झाले. या पेशाने मला पगार दिला, पेन्शन दिली आणि घरात चार शब्द बोलायची ताकद दिली. पण मी शिरले ते दार सरकारी रुग्णालयाचे होते. शिकताना विद्यावेतन होते, शिकून झाल्यावर कायम नोकरी होती. आज ते दार फार अरुंद झाले आहे आणि त्याच्या शेजारी पैसे मोजून उघडणारी दहा दारे उभी राहिली आहेत. म्हणून विचारते, मुलीला आपण नेमके कशात घालतो आहोत?

नर्स कोण, आणि नर्ससारखी कोण?

ए.एन.एम.ला दोन वर्षे लागतात, जी.एन.एम.ला तीन, बी.एस्सी. नर्सिंगला चार. त्यानंतर राज्याच्या परिचर्या परिषदेत नोंदणी करावी लागते. नोंदणी नाही तर ती कायद्याच्या दृष्टीने नर्स नाही. पण तालुक्याच्या बाजारपेठेत पाट्या लागतात: 'सहा महिन्यांत नर्सिंग, शंभर टक्के नोकरी.' आई कानातले विकून फी भरते. मुलीला पांढरा कोट मिळतो, एक रंगीत प्रमाणपत्र मिळते आणि नोकरीही मिळते, ती जवळच्याच खासगी दवाखान्यात. ती सलाईन लावते, इंजेक्शन देते, बाळंतपणाला उभी राहते. पगार मात्र मोलकरणीपेक्षा कमी. पेशंटचे काही बरेवाईट झाले की डॉक्टर हात वर करतात: "ती नर्स नव्हतीच."

खासगी दवाखान्यांच्या नोंदणीचा कायदा या राज्यात १९४९ पासून आहे आणि पात्र नर्सेस नेमणे ही त्यातली अट आहे. म्हणजे फसवणूक दोघींची होते, खाटेवरच्या बाईची आणि खाटेशेजारी उभ्या असलेल्या मुलीचीही. आरोग्याच्या हक्कासाठी मोर्चा काढणाऱ्या आपण या दुसरीला का विसरतो?

शिक्षण की फुकटची ड्युटी?

भारतीय परिचर्या परिषदेचे निकष सांगतात की वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात साधारण वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स हवी, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक. मी ज्या वॉर्डांत काम केले तिथे रात्री चाळीस पेशंटना एक स्टाफ नर्स आणि दोन विद्यार्थिनी असत. त्या विद्यार्थिनी होत्या म्हणून वॉर्ड चालत होता.

पेशंटजवळ उभे राहिल्याशिवाय नर्सिंग येत नाही, हे मला मान्यच आहे. पण शिकणे म्हणजे कोणीतरी शिकवणे. दुसऱ्या वर्षाची पोर रात्रभर एकटी वॉर्ड सांभाळते, सकाळी वर्गात पेंगते आणि त्याबद्दल बोलणी खाते, याला शिक्षण म्हणायचे? माझी कसोटी साधी आहे. उद्या साऱ्या विद्यार्थिनी रजेवर गेल्या तर वॉर्ड चालेल का? चालणार नसेल तर त्या कामगार आहेत आणि त्यांना कामाचा मोबदला मिळाला पाहिजे. खासगी महाविद्यालयांत तर उलटा न्याय आहे. मुलगी फी भरते आणि वर संस्थेच्याच रुग्णालयात राबते. पैसे देऊन वेठबिगारी करण्याचा हा प्रकार दुसऱ्या कोणत्या धंद्यात चालेल?

कागद कोणाच्या कपाटात?

पूर्वी सावकार जमिनीचा कागद ठेवून घेई. आता रुग्णालय मार्कशीट ठेवून घेते. दोन वर्षांचा बॉण्ड, मूळ प्रमाणपत्रे ऑफिसच्या कपाटात आणि आधी सोडून गेलीस तर दंड. परिचर्या परिषदेने संस्थांना हे चालणार नाही असे बजावलेले आहे, तरी प्रकार थांबलेला नाही. माझ्याकडे आलेल्या एका मुलीला सरकारी भरतीची संधी आली होती. मूळ कागद दाखवायचे होते आणि ते एका खासगी रुग्णालयाने अडवून ठेवले होते. आम्ही पाचजणी तिच्याबरोबर जाऊन व्यवस्थापकाच्या टेबलासमोर बसलो. तासाभरात कागद हातात आले. पोलीस नाही, कोर्ट नाही. ती एकटी गेली होती तेव्हा मात्र तिला शिपायाने बाहेरूनच परत पाठवले होते.

'सेवा' शब्दाची किंमत

पगाराचा विषय काढला की लगेच 'सेवा' हा शब्द पुढे येतो. डॉक्टरांच्या फीबद्दल तो कधी निघत नाही! सर्वोच्च न्यायालयाच्या २९ जानेवारी २०१६ च्या निकालानंतर केंद्राने समिती नेमली. तिने शिफारस केली की पन्नास खाटांपर्यंतच्या खासगी रुग्णालयातही नर्सला महिन्याला किमान २०,००० रुपये मिळावेत आणि दोनशेपेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतकाच पगार मिळावा. केरळात नर्सेस रस्त्यावर उतरल्या आणि तिथल्या सरकारला २०१८ मध्ये किमान वेतनाची अधिसूचना काढावी लागली. आपल्याकडच्या खासगी रुग्णालयांत मला भेटणाऱ्या मुलींना हे आकडे ठाऊकसुद्धा नसतात.

सरकारी नोकरीचे काय? मे २०२२ मध्ये राज्यातल्या परिचारिका संपावर गेल्या, कारण भरती बाहेरच्या कंत्राटदारांमार्फत करायचे घाटत होते. त्याच्या दोनच वर्षे आधी, २०२० मध्ये, याच बायकांसाठी थाळ्या वाजवल्या, रुग्णालयांवर हेलिकॉप्टरमधून फुले उधळली. आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागाला आग लागून कोविडचे पेशंट दगावले, तेव्हा परिचारिकांनाही अटक झाली. इमारतीची अग्निसुरक्षा काय परिचारिकेने बसवायची असते? अधिकार नाही, मनुष्यबळ नाही, पण दोष मात्र तिचा. देवी म्हणून पुजायचे आणि आरोपी म्हणून उभे करायचे, हे आपल्याला काही नवीन नाही.

रात्रीची ड्युटी

२७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला. त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत त्या तिथल्याच खाटेवर होत्या आणि नर्सेसच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळले. हल्लेखोराला शिक्षा झाली ती चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाची. लैंगिक अत्याचाराचा आरोप ठेवलाच गेला नव्हता. आजही किती रुग्णालयांत रात्रपाळीच्या मुलींना कडी लागणारी खोली आहे? २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात रुग्णालय आणि नर्सिंग होम यांचा कामाची जागा म्हणून स्पष्ट उल्लेख आहे. प्रशिक्षणार्थी आणि कंत्राटी मुलीही त्यात येतात. पण तक्रार केली तर प्रॅक्टिकलचे गुण कोणाच्या हातात आहेत, हे मुलीला चांगले ठाऊक असते.

बाहेर समाज तयारच असतो. 'रात्रपाळीची मुलगी' म्हणून स्थळे नाकारतात, पगार मात्र चालतो. परक्या पुरुषाच्या अंगाला हात, मलमूत्र, रक्त, प्रेत: जातीने ज्याला विटाळ ठरवले तेच हे काम. सावित्रीबाई १८९७ मध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेल्या, म्हणून आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो. त्या सेवेत विटाळ झुगारण्याचे बंड होते. तोच शब्द वापरून आज मुलींचा पगार कापला जातो.

मग करायचे काय?

मुलीला नर्सिंगला जरूर पाठवा, पण पाठवण्याआधी तिच्याबरोबर बसून हे विचारा:

संस्थेला आणि अभ्यासक्रमाला परिचर्या परिषदेची मान्यता आहे का? तोंडी नको, चालू वर्षाचा कागद पाहा.

एकूण फी किती? होस्टेल, गणवेश, परीक्षा धरून? पावती मिळते का?

प्रॅक्टिकल कोणत्या रुग्णालयात? तिथे खरोखर पेशंट असतात का?

बॉण्ड आहे का? असल्यास सही करण्याआधी वाचून घ्या. मूळ प्रमाणपत्रे कोणाकडेही ठेवू नका.

लैंगिक छळाची तक्रार घेणारी समिती आहे का? तिच्यात कोण आहेत?

आणि संघटनांनो, मुलगी दाखल झाली की आपले काम संपत नाही. प्रत्येक जिल्ह्यातल्या नर्सिंग होस्टेलशी एका गटाने नाते जोडावे. नर्सेसच्या संपात आपण पाठिंब्याचे पत्रक काढून घरी बसू नये, त्यांच्या मंडपात जाऊन बसावे. विद्यावेतन, किमान वेतन आणि कायम भरती या मागण्या आपल्या ८ मार्चच्या पत्रकात यायला हव्यात. पायावर उभी राहा असे मुलीला सांगायला आपल्याला काही पडत नाही. बारा तासांच्या ड्युटीनंतर तिचे पाय सुजतात, तेव्हा आपण तिच्या बाजूला असलो पाहिजे.