पाच वेळा लिहून आणा

मराठीच्या प्राध्यापकांमध्ये दर जूनला एक तक्रार नव्याने होते. विद्यार्थ्यांना स्वतःचे एक वाक्य लिहिता येत नाही. कवितेवर चार ओळी लिहायला सांगितल्या तर गाइडमधल्या चार ओळी येतात, आणि गाइड नसेल तर कोरा कागद येतो. ही तक्रार मी स्वतः बावीस वर्षे केली आहे, चहा पीत पीत केली आहे. तिचे उत्तरही ठरलेले असते: कनिष्ठ महाविद्यालयात काही करून घेतलेले नाही. ते माध्यमिक शाळेकडे बोट दाखवतात, माध्यमिकवाले प्राथमिककडे. या उतरंडीतले सगळ्यांत खालचे मडके म्हणजे तिसरी-चौथीचा वर्ग. तिथल्या बाईंना खाली बोट दाखवायला कोणी उरत नाही, म्हणून त्या घराकडे दाखवतात.

दिवाळीच्या सुटीनंतर मी एक आठवडा अशा एका वर्गात जाऊन बसलो. शाळा रे रोड स्थानकाच्या परिसरातली, मराठी माध्यमाची. नाव सांगण्याचे कारण नाही, कारण ती दुसरी कोणतीही असती तरी चालले असते. वर्ग तिसरीचा, पट तिशीच्या आतला. निम्म्या मुलांच्या घरी मराठी, उरलेल्यांच्या घरी भोजपुरी किंवा तमिळ. वर्गावरच्या बाई माझ्याच जुन्या विद्यार्थिनी. डी.एड. होऊन नोकरीला लागल्यावर त्यांनी आमच्याकडून मराठी घेऊन बी.ए. केले होते. या ओळखीमुळेच मला मागच्या बाकावर जागा मिळाली.

सोमवारी मराठीचा पाठ झाला. बाईंनी तो छान वाचला, मुलांनी मागून म्हटला, नवे शब्द फळ्यावर आले, त्यांचे अर्थ आले, खालच्या प्रश्नांची उत्तरेही फळ्यावर आली. शेवटी डाव्या कोपऱ्यात चौकट: 'गृहपाठ – शब्दार्थ पाच वेळा, प्रश्नोत्तरे एक वेळा.' मंगळवारी सकाळी वह्यांचा गठ्ठा टेबलावर आला. लाल पेन, बरोबरची खूण, तारीख, सही. एका वहीला किती वेळ लागतो ते मी मनातल्या मनात मोजले. दहा सेकंदही लागत नव्हते. माझ्या चेहऱ्यावर काही उमटले असावे. मधल्या सुटीत बाई म्हणाल्या, "सर, तीन विषयांच्या वह्या, खिचडीची नोंद, हजेरी आणि वर ऑनलाइन भरायच्या माहित्या. पाच वेळा लिहिलेलं एका नजरेत कळतं. प्रत्येकानं वेगळं लिहिलं तर ते वाचावं लागेल."

या एका वाक्यात सगळे प्रकरण आहे, असे मला तेव्हाही वाटले आणि आताही वाटते. उतरवलेले तपासता येते, लिहिलेले वाचावे लागते. आपली शाळा तपासण्याची व्यवस्था करते. वाचण्याची व्यवस्था, म्हणजे तेवढा वेळ आणि तेवढी माणसे, तिने कधी केलीच नाही. मग गृहपाठ तसाच होतो, जो न वाचता तपासता येईल.

पाठांतराला आणि गिरवण्याला माझा सरसकट विरोध नाही. त्याच दिवशीच्या गणिताच्या तासाला त्याचे महत्त्व पुन्हा पटले. 'त्रेसष्ट' आणि 'छत्तीस' यांत कोण पुढे आणि कोण मागे, हे ज्या मुलाच्या कानावर घरी 'तिरसठ' पडते त्याला गोंधळात टाकणारेच आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असे वाचन आले तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मराठी भाषा बुडाली म्हणणाऱ्यांत आम्ही साहित्यवाले पुढे होतो. या वर्गात तमिळ घरातली एक मुलगी 'साठ आणि तीन' असे पुटपुटत झटकन त्रेसष्ट लिहीत होती, कारण तिच्या भाषेत संख्या त्याच क्रमाने बोलतात. त्या वादात अशा मुलीचा विचार मी तरी केला नव्हता. असो. संख्यानामे मात्र घोकावीच लागतात. जुन्या काळी संध्याकाळी घरात परवचा म्हटला जाई. पाढे, पावकी, निमकी, दिडकी मोठ्यांच्या देखत मोठ्याने म्हणायची. 'गृहपाठ' या शब्दाला तिथे अर्थ होता. घर होते, आणि घरात ऐकणारे कोणीतरी होते.

बुधवारी इंग्रजीची स्पेलिंगे, पुन्हा पाच वेळा. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही घडले नाही.

गुरुवारचे मात्र सविस्तर सांगायला हवे. तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक महाराष्ट्रात प्रत्येक जिल्ह्यासाठी वेगळे निघत आले आहे. त्यामागची कल्पना फार चांगली आहे: मुलाने आधी आपला मुलूख पाहावा, मग जग. प्रश्न होता, आपल्या परिसरातील ठिकाणांची नावे लिहा. फळ्यावर आले: उद्यान, वाचनालय, टपाल कार्यालय, दवाखाना, बाजार. सगळ्यांनी ते सुवाच्य अक्षरात उतरवून घेतले. सुटीत मी एका मुलाला विचारले, घरून शाळेत येताना तुला काय काय दिसते? त्याने श्वास न घेता सांगितले: भंगाराची गोडाउनं, गॅसवाले, क्रेन, लोखंडाच्या प्लेटांच्या गाड्या, काटा (म्हणजे गाड्या वजन करायचा), एक मोठा नांगर, आणि नवा पूल, "तो दोऱ्यांचा". (२०२५ च्या मे महिन्यात सुरू झालेला केबलचा पूल.) त्याचे वडील जहाजाच्या कटिंगला जातात. मी म्हटले, मग हे वहीत का नाही लिहिलेस? तो म्हणाला, "ते फळ्यावर नव्हतं."

हा परिसर म्हणजे शब्दांची खाणच आहे. बंदराच्या कामापोटी वसलेली ही वस्ती. इथल्या धक्क्यांच्या नावांतच माल भरलेला आहे. कोळशाचे बंदर, गवताचे 'हे बंदर', लाकडाचे बंदर, कौला बंदर. दारूखान्याचा दारूच्या दुकानाशी संबंध नाही, ती तोफा-बंदुकांची दारू. हे वर्गातल्या एकाही मुलाला ठाऊक नव्हते, आणि नाव उच्चारले की मुले एकमेकांकडे बघून हसत होती. एका शब्दाचे दोन अर्थ, त्यांतला एक इतिहासजमा, हा धडा या मुलांना पायी चालत शिकता आला असता. दुसरीकडे, नारायण सुर्वे महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई आणि मग शिक्षक होते, हे आपण एम.ए.च्या वर्गात आवर्जून सांगतो. 'माझे विद्यापीठ' १९६६ चे. कामगाराची, रस्त्याची, गोदीची बोली मराठी कवितेत आली ही केवढी घटना, यावर आपण तास घेतो, चर्चासत्रे भरवतो. त्याच शहरात, त्याच गोदीच्या कडेला, 'काटा' हा शब्द तिसरीच्या वहीत येऊ शकत नाही, याचे मात्र आपल्याला काही वाटत नाही.

गृहपाठावर आजवर विचार झालाच नाही असे नव्हे. १९९३ च्या यशपाल समितीच्या अहवालाने लहान मुलांच्या ओझ्याकडे देशाचे लक्ष वेधले. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणाने दुसरीपर्यंत गृहपाठ नको, तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, असे म्हटले. पण हा सगळा हिशेब किलोंचा आणि तासांचा आहे. त्या दोन तासांत काय लिहायचे, आणि कुठे बसून, हा प्रश्न तसाच राहतो. कौला बंदरासारख्या वस्तीत, जमीन बंदराची म्हणून नळ नाही, पाणी विकत घ्यायचे, ते येईल तेव्हा पाइप धरून भरायचे. तिथे 'गृह' आणि 'पाठ' या दोन शब्दांची सांगड घालणे सोपे नाही. इटलीतल्या बार्बियानाच्या शाळेतल्या मुलांनी १९६७ मध्ये आपल्या शिक्षिकेला जे प्रदीर्घ पत्र लिहिले (मराठीत 'प्रिय बाई'), त्यात त्यांनी मागे पडणाऱ्यांसाठी दिवसभराची शाळा मागितली होती. ज्याच्या घरी शिकवायला कोणी नाही, त्याला शाळेने अधिक वेळ द्यावा, इतके ते सरळ होते.

शुक्रवारी बाईंनी कपाटातून एक जुने पुस्तक काढले. २०२३-२४ पासून आपल्या पाठ्यपुस्तकांत वहीची कोरी पाने घातली गेली होती, 'माझी नोंद' अशा मथळ्याची. दप्तर हलके व्हावे हा हेतू. मुले वेगळ्या वह्या आणतच राहिली, ओझे कमी झाले नाही, आणि २०२५-२६ पासून ती पाने रद्द झाली. तो निर्णय बहुधा योग्यच. तरीही 'माझी नोंद' हे शब्द तिसरीच्या पुस्तकात छापले गेले होते याचे मला अप्रूप वाटते. त्या पुस्तकातली बहुतेक पाने कोरी होती, काहींवर शब्दार्थ उतरवलेले. एका पानावर पेन्सिलीने तीन ओळी होत्या: 'रात्री पाणी आलं. मी पाइप धरला. मम्मी म्हणली झोप आता.' त्याखाली बरोबरची खूण नव्हती, चूकही नव्हती. "काय करावं ते कळलं नाही," बाई म्हणाल्या. "'म्हणली'ला गोल करावा का? मग ठेवूनच दिलं." मुलगा पुढच्या वर्गात गेला, पुस्तक मात्र कपाटात राहिले.

मी जरा उत्साहाने बोलू लागलो: हीच तर नोंद, हाच गृहपाठ, असे आठवड्याला एक जरी वाक्य मागितले तरी. बाईंनी मला शांतपणे बोलू दिले. मग म्हणाल्या, "सर, तुम्ही आम्हांला तासाला नोट्स उतरवून द्यायचात. मी त्या पाच पाच वेळा लिहिल्या. प्रथम वर्ग मिळाला होता मला." यात टोमणा नव्हता, कृतज्ञताच होती. मी गप्प बसलो. कारण ते खरे होते. शंभरांच्या वर्गाचे पेपर दोन आठवड्यांत तपासायचे तर माझ्याच नोट्सची वाक्ये शोधत जाणे मलाही सोयीचे पडत आले होते. उतरंडीत मडके वरचे असो की खालचे, माती तीच.

मराठीच्या शिक्षकांना म्हणून माझे सांगणे एवढेच आहे की शब्दार्थ राहू द्यावेत, पाढे राहू द्यावेत. पण आठवड्यातून एकदा एक ओळ अशी मागावी जी फळ्यावर नाही, आणि ती लाल पेन खाली ठेवून वाचावी. शुद्धलेखन दुसऱ्या दिवशी. तीस ओळी वाचायला वीस मिनिटे लागतात. पदव्युत्तर वर्गातल्या विद्यार्थ्यांनी शेजारच्या शाळेत जाऊन त्या वाचाव्यात, तर त्यांचा एखाद्या प्रकल्पापेक्षा अधिक अभ्यास होईल. आमच्या विभागात मी तसे सुचवले आहे, अजून कोणी होकार दिलेला नाही.

शनिवारी निघताना बाईंनी माझ्या आग्रहाखातर फळ्यावर लिहिले: 'घरी जाताना काय दिसले? एक ओळ.' सोमवारी मी पुन्हा गेलो. नऊ वह्या आल्या होत्या. पाचांत लिहिले होते, 'मला उद्यान दिसले.' त्या वाटेवर उद्यान नाही. दोघांनी प्रश्नच उतरवून आणला होता. एकीने मांजर लिहिले होते. गुरुवारच्या त्या मुलाने लिहिले होते, 'काट्यावर गाडी उभी होती.' बाईंनी ते मोठ्याने वाचले, आणि पेन हातात न घेता त्याला विचारले, "किती टनाची रे?"

त्याला माहीत होते.