आपल्या रक्तातला निअँडरथल

रविवारच्या वधूवर-जाहिरातींत ‘उच्चकुलीन’ हा शब्द दिसला की मला निअँडरथल मानव आठवतो. सुमारे ६० हजार वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांचा त्याच्याशी संकर झाला. त्यातून आलेला, तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक जनुकखंड कोविडचा रुग्ण अत्यवस्थ होण्याचा धोका वाढवितो, असे ह्यूगो झेबर्ग आणि स्वान्ते पाबो यांनी २०२० मध्ये दाखविले. युरोपात तो १६ टक्के लोकांत आहे, आपल्या दक्षिण आशियात निम्म्या लोकांत! २०२१ मध्ये प्राणवायूच्या टंचाईने गेलेल्यांचे खापर मात्र या पूर्वजावर फोडू नये.

असा घातक ऐवज आपल्याकडेच इतका का टिकला? कोणत्या तरी जुन्या साथीत त्याने माणसे वाचविली असावीत, म्हणून निसर्गाने तो निवडला. पटकीचे नाव घेतले जाते. पण तो अजून तर्कच. एक पुरावा मात्र बोलका आहे. हा खंड असणाऱ्यांना एचआयव्हीच्या संसर्गाचा धोका २७ टक्क्यांनी कमी असतो, असे झेबर्ग यांनाच २०२२ मध्ये आढळले. एचआयव्ही माणसात आला तो अलीकडे. तेव्हा हा लाभ निव्वळ योगायोगाचा. आणि बाराव्या गुणसूत्रावरचा दुसरा निअँडरथल खंड तर कोविडमध्ये उलट संरक्षणच देतो. कुंडलीत हे कोणत्या घरात मांडणार?