पाण्यावर धावणारी मोटार

पाण्यावर मोटार चालविणाऱ्या संशोधकाची बातमी दर चार-दोन वर्षांनी वर्तमानपत्रांत अवतरते. तेलाचे भाव चढले की तिला विशेष बहर येतो. तेल कंपन्यांनी हा शोध दडपून टाकला, अशी पुस्तीही मग जोडली जाते. तेल कंपन्यांच्या पापांची यादी पुरेशी लांब आहे. हे न केलेले पाप त्यांच्या माथी मारण्याची गरज नाही.

पाणी हे इंधन नव्हे, ती जळून गेलेल्या हायड्रोजनची राख होय. हायड्रोजन व प्राणवायू यांच्या संयोगातून जी ऊर्जा बाहेर पडते, निदान तेवढी तरी त्यांना पुन्हा विलग करण्यासाठी खर्चावी लागते. मोटारीतल्याच विजेने पाणी फोडायचे आणि त्या वायूवर मोटारही चालवायची, वीजही निर्माण करायची, म्हणजे स्वतःच्याच खांद्यावर बसून नदी ओलांडण्यासारखे आहे! अमेरिकेतील ओहायो राज्यात स्टॅन्ली मायर नावाच्या गृहस्थाने असाच दावा केला होता. पैसे गुंतविणाऱ्या दोघांनी त्याला न्यायालयात खेचले. तज्ज्ञांनी यंत्र तपासले, तेव्हा ते पाण्याच्या नेहमीच्या विद्युत्-विघटनाचेच निघाले. ही उघड फसवणूक आहे असे ठरवून न्यायालयाने १९९६ साली २५,००० डॉलर परत करण्याचा आदेश दिला.

कारखान्यात विजेने हायड्रोजन तयार करून तो मोटारीच्या टाकीत भरणे ही गोष्ट मात्र वेगळी. तेथे फसवणूक नाही, प्रश्न हिशेबाचा आहे. एक किलो हायड्रोजन मिळविण्यास सुमारे ५० युनिट वीज लागते. त्या वायूत उरते ३३ युनिट ऊर्जा, आणि गाडीतील इंधन-घट तिचे जेमतेम निम्म्याहून थोडे अधिक विजेत परत करतो. वायू दाबून भरण्याचा व वाहून नेण्याचा खर्च निराळाच. तीच वीज सरळ बॅटरीत भरली, तर तिचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग चाकांपर्यंत पोचतो. सूर्य आणि वारा फुकट असले, तरी त्यांपासून वीज करणारी यंत्रे, जमीन आणि भांडवल फुकट नाही. मग ती वीज मूठभरांच्या मोटारींसाठी अशी उधळावयाची कोणाच्या जिवावर?

केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले. हा पैसा जनतेचा आहे, तेव्हा अग्रक्रम विचारण्याचा हक्कही तिचाच. युरियासाठी अमोनिया लागतो आणि अमोनियासाठी हायड्रोजन. तेथे बॅटरी काही कामाची नाही. शेतकऱ्याच्या खताचा हक्क पहिला, हे सांगण्यास फार मोठे अर्थशास्त्र लागू नये. मार्च २०२२ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी हायड्रोजनच्या मोटारीतून संसदेत आले, त्याची छायाचित्रे देशभर झळकली. ट्रॉम्बे आणि थळ येथील खत कारखान्यांकडे छायाचित्रकार सहसा फिरकत नाहीत. आणि तेथील अमोनिया तयार होतो तो नैसर्गिक वायूपासून.