उन्हाच्या देशात संध्याकाळची वीज



हवामानबदलाच्या बातम्या वाचताना आपल्या वयाच्या बऱ्याच लोकांना वाटते की हे सगळे नातवंडांच्या काळातले आहे. २०५० साली काय होईल, २१०० साली समुद्र किती चढेल, याच्याशी आपल्याला काय करायचे आहे? मला हे पटत नाही. उष्णतेचा पहिला मार म्हाताऱ्या माणसांवर बसतो आणि तो आजच बसतो आहे. १७ जुलै २०१९ रोजी मृत समुद्राकाठी सदोमला ४९.९ अंश तापमान नोंदले गेले. १९४२ नंतर या देशात इतके कधी नोंदले गेले नव्हते. तेव्हा इस्राएल कोळसा आणि गॅस सोडून उन्हाच्या विजेकडे किती वेगाने जातो, हा प्रश्न मंत्र्यांचा आहेच, पण दिमोना, यरुहाम, बेर शेवा इथे राहणाऱ्या आपल्या लोकांच्या तब्येतीचाही आहे.

उन्हाचा उपयोग कसा करावा हे खरे तर इस्राएलला कोणी शिकवायला नको. १९५०च्या सुमारास इथे इंधनाची इतकी टंचाई होती की रात्री दहा ते सकाळी सहा पाणी तापवायला सरकारची बंदी होती. त्या दिवसांत लेवी इस्सार नावाच्या इंजिनियरने उन्हावर पाणी तापवायचे यंत्र बनवले आणि १९५३ मध्ये त्याचा कारखाना काढला. पुढे १९५५ मध्ये हॅरी त्स्वी ताबोर या शास्त्रज्ञाने असा काळा लेप शोधून काढला की जो ऊन भरपूर शोषून घेतो पण उष्णता फारशी बाहेर सोडत नाही. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, तिकडून येणारे तेल बंद झाले आणि १९८० मध्ये कायदा आला की नव्या राहत्या इमारतीवर दूद शेमेश बसवलाच पाहिजे. तुमच्या आमच्या गच्चीवर ती पांढरी टाकी आहे ना, तिच्यामागे हा एवढा इतिहास आहे. शब्बाथला तिचे गरम पाणी वापरावे की नाही यावरही रब्बींमध्ये मतभेद झाले. राव ओवादिया योसेफ यांनी परवानगी दिली, इतर काहींनी नाही. ज्याने त्याने आपल्या रब्बींना विचारावे, मी त्यात पडत नाही.

पण या टाकीची एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा प्रश्न तिथेच आहे. दूद शेमेशमध्ये दुपारचे ऊन रात्रीपर्यंत साठून राहते. संध्याकाळी नळ सोडला तरी पाणी गरमच येते. सोलर पॅनेलची वीज तशी साठत नाही. ऊन आहे तोपर्यंत वीज, सूर्य मावळला की संपली.

आता गॅसकडे येऊ. २००९ मध्ये समुद्रात तामार आणि २०१० मध्ये लेवियातान हे मोठे साठे सापडले. तामारचा गॅस २०१३ मध्ये सुरू झाला, लेवियातानचा २०१९ च्या अगदी शेवटच्या दिवशी. त्यापूर्वी हदेरा आणि अश्कलोनच्या मोठ्या केंद्रांत मुख्यतः कोळसा जळत असे. गॅस आल्यावर कोळसा पुष्कळ कमी झाला आणि हवा त्या मानाने सुधारली, हे मान्य केले पाहिजे. दम्याचा रुग्ण ज्याने जवळून पाहिला आहे, त्याला कोळशाच्या धुरात काय असते ते वेगळे सांगावे लागत नाही. पण गॅससुद्धा जमिनीतलेच जळण आहे. तेवढ्याच विजेसाठी कोळशाच्या साधारण निम्मा कार्बन तो सोडतो, आणि न जळता गळला तर मिथेन म्हणून वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून जास्त उष्णता अडवतो.

गॅसने दुसरे एक नुकसान केले, ते म्हणजे आपल्याला सुस्त केले. घरातच स्वस्त गॅस असताना उन्हामागे कोण धावणार? सरकारने ठरवले होते की २०२५ पर्यंत २० टक्के आणि २०३० पर्यंत ३० टक्के वीज सूर्य-वाऱ्यापासून घ्यायची. २०२४ मध्ये आपण जेमतेम पंधरा टक्क्यांच्या आसपास होतो. वर्षाचे बहुतेक दिवस कडक ऊन असलेल्या देशाला हा आकडा शोभत नाही. ढगाळ जर्मनी आपल्या कितीतरी पुढे आहे.

कारणे सांगतात ती सगळीच खोटी नाहीत. देश लहान, नेगेवचा मोठा भाग लष्कराच्या सरावासाठी राखीव, काही भाग अभयारण्यांचा. ऊन दक्षिणेत, माणसे मध्य भागात आणि मधल्या विजेच्या तारा अपुऱ्या. शिवाय युरोपातले देश कमी पडले तर शेजाऱ्याकडून वीज घेतात. आपली तार कोणत्याही शेजारी देशाच्या जाळ्याला जोडलेली नाही. विजेच्या बाबतीत आपण बेटावर राहतो. आणि गरम हवेत पॅनेल थोडे मंदावते, वर नेगेवची धूळ बसते ती वेगळीच. अरावात कतुरा किबुत्झजवळच्या शेतात तर पॅनेल पुसायला पाण्याशिवाय चालणारे यंत्रमानव ठेवले आहेत. या देशातले पहिले मोठे सौरशेत तिथेच २०११ मध्ये सुरू झाले होते आणि आज एलात व आसपासचा भाग दिवसा उन्हाच्याच विजेवर चालतो. म्हणजे करायचे ठरवले तर होते.

आशालीमचा मनोरा बेर शेवाच्या दक्षिणेला गेलेल्या बहुतेकांनी पाहिला असेल. सुमारे अडीचशे मीटर उंच, डोक्यावर डोळे दिपवणारा उजेड, भोवती पन्नास हजारांहून जास्त आरसे. २०१९ मध्ये तो सुरू झाला तेव्हा केवढे कौतुक झाले! पण तो बांधून होईपर्यंत साध्या पॅनेलच्या किमती इतक्या उतरल्या की मनोऱ्याची वीज फारच महाग ठरली, आणि करार लांब मुदतीचा, म्हणून ग्राहक आजही ते पैसे भरतो आहे. पैसे वाया गेले असे काही लोक म्हणतात. मी अर्धेच मान्य करीन. शेजारीच दुसरे केंद्र आहे, तिथे लांब पन्हळीसारखे आरसे आहेत आणि उष्णता वितळलेल्या मिठात साठवतात. सूर्य मावळल्यावरही ते काही तास वीज देते. आपल्या दूद शेमेशचेच ते मोठे भावंड समजा.

आणि संध्याकाळच महत्त्वाची आहे. शुक्रवार, २ जून २०२३ आठवा. कडक उष्णता, विजेची मागणी भडकलेली, उत्पादन कमी पडले आणि देशभर लाखो घरांची वीज आळीपाळीने बंद करावी लागली, तीही शब्बाथच्या तोंडावर. याउलट वसंत ऋतूत शब्बाथच्या दुपारी कारखाने बंद, कचेऱ्या बंद, एसी लागत नाही, आणि ऊन मात्र रखरखीत. तेव्हा वीज नकोशी होते. आपल्या वाडवडिलांना कोकणात शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा थांबे. सूर्याचा घाणा थांबत नाही, काढलेले तेल भरून ठेवायला भांडे हवे. ते भांडे म्हणजे मोठ्या बॅटऱ्या. पॅनेलइतकाच, किंबहुना जास्तच, जोर आता त्यांच्यावर हवा असे माझे मत आहे. नुसते पॅनेल वाढवून संध्याकाळी पुन्हा गॅस पेटवायचा, तर निम्मेच काम झाले.

यात आपला संबंध कुठे येतो, ते परिचारिका म्हणून सांगते. वय वाढले की तहान लागल्याची जाणीव कमी होते आणि घामही कमी येतो. त्यात रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीरातले पाणी आणि क्षार आणखी उतरतात. माणूस उन्हात गेलेलाच नसतो, घरातच बसलेला असतो आणि तरी गळून जातो, बोलणे असंबद्ध होते, चक्कर येऊन पडतो. घरचे म्हणतात, वय झाले. वय नव्हे, ती उष्णता असते. दिवसा तापलेले शरीर रात्री निवायला हवे. रात्रही गरम असेल तर हृदयाला विश्रांतीच नाही. आणि नेमके तेव्हाच आपले लोक बिलाच्या भीतीने एसी बंद करतात, कारण वेळेनुसार दर लावणाऱ्या मीटरवर उन्हाळ्यात संध्याकाळी पाचनंतरची वीज सगळ्यांत महाग. बॅटऱ्या आल्या तर हा संध्याकाळचा भाव खाली येऊ शकतो. तोपर्यंत हे करा. दुपारी वीज स्वस्त असताना खिडक्या-पडदे लावून एक खोली चांगली थंड करून ठेवा आणि संध्याकाळी त्याच खोलीत बसा. पण बिल वाचवायला रात्री घामाघूम झोपू नका. लघवीच्या गोळीचे प्रमाण उन्हाळ्यात बदलायचे का, ते डॉक्टरांना विचारा, आपल्या मनाने बंद करू नका. घरी ऑक्सिजनचे यंत्र असेल तर कुपात होलीमला आणि वीज कंपनीला कळवून ठेवा आणि वीज गेल्यावर काय करायचे ते आधीच ठरवा.

२०२४ पासून घरगुती ग्राहकालाही वीजपुरवठादार बदलता येतो, म्हणून आपल्यालाही फोन येतात. कुणी दिवसा सवलत देतो, कुणी रात्री. आपण दिवसभर घरी असणारी माणसे, रात्रीची सवलत घेऊन काय करायचे? फोनवर हो म्हणण्यापूर्वी मुलाला किंवा मुलीला विचारा.

युद्धाने आणखी एक गोष्ट दाखवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तामारचा फलाट महिनाभर बंद ठेवावा लागला. जून २०२५ मध्ये इराणशी लढाई पेटली तेव्हा लेवियातान बंद केले आणि हैफाच्या तेल शुद्धीकरण कारखान्यावर क्षेपणास्त्र पडून तीन माणसे गेली. समुद्रातला एक फलाट बंद पडला तर सगळ्या देशाला झळ लागते. हजारो गच्च्यांवर विखुरलेली पॅनेले एका क्षेपणास्त्राने बंद पाडता येत नाहीत. पर्यावरणाचे नाव काढले की ज्यांना कंटाळा येतो, त्यांनी निदान सुरक्षेचा हा हिशेब पाहावा.

आता गच्च्यांविषयी. दिमोना, अश्दोद, लोद इथल्या तीन-चार मजली जुन्या इमारतींच्या गच्च्या बहुधा रिकाम्याच पडून असतात. वआद बायितच्या बैठकीत पॅनेलचा विषय निघाला की विरोध बहुतेक वेळा आपल्याच पिढीकडून होतो. छत गळेल, भांडणे होतील, आणि माझी आता किती वर्षे राहिली? छत गळण्याची भीती रास्त आहे. जुने छप्पर आधी दुरुस्त करून मगच पॅनेल लावावे आणि पुढे गळले तर जबाबदारी कोणाची, हे करारात लिहून घ्यावे. दूद शेमेशच्या टाक्यांना जागा राहते का तेही बघावे. आणखी एक गैरसमज आहे. पॅनेल असले म्हणजे वीज गेल्यावरही घर चालू राहील असे लोकांना वाटते. तसे नसते. तारा दुरुस्त करणाऱ्याला धक्का बसू नये म्हणून बाहेरची वीज गेली की पॅनेलची वीजही आपोआप बंद होते. चालू हवी असेल तर बॅटरी आणि वेगळी जोडणी लागते. निदान जिन्यातला दिवा आणि लिफ्ट यांच्यासाठी तेवढी बॅटरी बसवता येईल का, हे कंत्राटदाराला अवश्य विचारा. तिसऱ्या मजल्यावर व्हीलचेअरमध्ये कोणी असेल तर हा प्रश्न आधी विचारा, नफ्यातला वाटा मागून.

राहिली गोष्ट वर्षांची. हे करार वीस-पंचवीस वर्षांचे असतात. ज्याच्या नावे आपण घर ठेवणार आहोत, त्यालाही त्या बैठकीला बोलवा.